रायडर कप बघायला जाताय? उभं कुठे राहायचं ते आधी ठरवा

रायडर कप म्हणजे अमेरिका विरुद्ध युरोप अशी गोल्फची सांघिक स्पर्धा. तिच्या पहिल्या सकाळी अठरा होलच्या अख्ख्या कोर्सवर फक्त चार मॅच चालू असतात. त्या फोरसमच्या असतील तर एका जोडीला एकच चेंडू, म्हणजे सगळ्या मैदानावर मिळून आठ चेंडू. आणि ते बघायला आलेली माणसं पन्नास हजारांच्या आसपास. नेहमीच्या गोल्फ स्पर्धेत दीडशेच्या घरात खेळाडू असतात. तिथे कुठल्याही ग्रीनशेजारी (होलभोवतीच्या आखूड गवताशेजारी) बसा, दर दहा मिनिटांनी कोणीतरी येतंच. इथे चुकीच्या जागी उभे राहिलात तर दोन-दोन तास नुसत्या दुसऱ्यांच्या पाठी बघायला मिळतात आणि लांबून ओरडा ऐकू येतो. म्हणून मला कोणी विचारलं की रायडर कपला जायचंय, काय तयारी करू, तर तिकीट आणि हॉटेलच्याही आधी मी हेच सांगते: कोणत्या वेळी कुठे उभं राहायचं ते ठरवून जा. बाकीचं जमतं.

मी मूळची नाशिकची, पण गेली बरीच वर्षं इंग्लंडमध्ये सेंट ऑल्बन्सला राहते. ज्याच्या नावाने हा कप आहे तो सॅम्युएल रायडर इथलाच, बियाण्यांचा व्यापारी. एक पेनीला एक, अशी बियांची छोटी पाकिटं तो टपालाने घरोघर पाठवायचा आणि त्यावर मोठा झाला. गावाचा मेयर होता. पन्नाशीच्या आसपास तब्येतीसाठी मोकळ्या हवेत जा असं सांगितलं गेलं, म्हणून गोल्फ धरलं आणि ते इतकं भिनलं की इथल्याच व्हेरुलम क्लबचा कॅप्टन झाला. त्याने दिलेल्या सोन्याच्या कपावर जी छोटी मूर्ती उभी आहे ती त्याला गोल्फ शिकवणाऱ्या एब मिचेलची. १९२७ मध्ये अमेरिकेत वूस्टरला पहिली अधिकृत स्पर्धा झाली, तेव्हा मिचेल अपेंडिक्सच्या दुखण्यामुळे जाऊच शकला नाही. रायडरची कबर हॅटफिल्ड रोडच्या स्मशानभूमीत आहे. लंडनला आलात आणि गोल्फची आवड असेल तर अर्धा दिवस काढून इकडे या. ट्रेनने फार वेळ लागत नाही.

गुण कसे मोजतात ते पाठ करून जा

दोन्ही संघांत बारा-बारा खेळाडू. एकीकडे अमेरिका, दुसरीकडे युरोप. १९७७ पर्यंत समोर फक्त ब्रिटन आणि आयर्लंड असायचे आणि बहुतेक वेळा हरायचे. १९७९ पासून सगळं युरोप आलं, सेवे बालेस्टेरोससारखा स्पॅनिश खेळाडू आला आणि स्पर्धेत जीव आला. १९८५ मध्ये इंग्लंडच्या बेलफ्रीवर युरोपने पहिल्यांदा कप घेतला. १९९३ नंतर अमेरिकेला युरोपच्या भूमीवर तो एकदाही जिंकता आलेला नाही.

शुक्रवार आणि शनिवार दोन्ही दिवशी सकाळी चार आणि दुपारी चार मॅच. रविवारी बारा सिंगल्स. एकूण २८ गुण. कप ज्यांच्याकडे आहे त्यांना १४ पुरतात, दुसऱ्यांना साडेचौदा लागतात. हा अर्ध्या गुणाचा फरक रविवारी संध्याकाळी फार महत्त्वाचा ठरतो, म्हणून तो डोक्यात पक्का ठेवा.

इथे एकूण फटके मोजत नाहीत, होल मोजतात. एक होल जिंकला की एक अप, म्हणजे एकने पुढे. मग त्या होलवर समोरच्याने चार फटके घेतले की नऊ, काही फरक नाही. पुढे असलेल्याची आघाडी उरलेल्या होलपेक्षा जास्त झाली की मॅच तिथेच संपते. फलकावर ‘३ अँड २’ दिसलं म्हणजे तीन होलची आघाडी, दोन होल शिल्लक, मॅच सोळाव्यावर संपली. निळा रंग युरोपचा, लाल अमेरिकेचा. कोर्सवर पोचल्यावर पहिली पाच मिनिटं मोठ्या फलकासमोर उभं राहून हे वाचायची सवय करा, कारण पुढे दिवसभर तुम्ही चेंडूपेक्षा त्या रंगांकडेच जास्त बघणार आहात.

फोरसम आणि फोरबॉल यांत नवख्या माणसाचा गोंधळ होतो. फोरसममध्ये जोडीचा चेंडू एकच आणि फटके आळीपाळीने. एकजण विषम होलवर टी-शॉट, म्हणजे होलचा पहिला फटका, मारतो, दुसरा सम होलवर. कोण कुठल्या होलवर सुरुवात करणार हे कॅप्टन आणि जोडी आधीच बसून ठरवतात. ज्याचे लोखंडी क्लब (काठ्या) चांगले चालतात त्याच्या वाट्याला पार तीनचे, म्हणजे तीन फटक्यांत संपवायचे, होल जास्त यावेत, असा हिशेब असतो. इथे जोडीदाराने झाडीत घातलेला चेंडू तुम्हालाच काढावा लागतो, त्यामुळे चेहरे बघण्यासारखे असतात. फोरबॉलमध्ये चौघांचे चार चेंडू आणि जोडीतल्या चांगल्याचा स्कोर धरायचा. एकाने पार सांभाळायचा आणि दुसऱ्याने बिनधास्त मारायचं. बर्डी (पारपेक्षा एक फटका कमी) जास्त दिसतात, गोंगाट जास्त, पण वेळही खूप लागतो. मला विचाराल तर खरं गोल्फ फोरसममध्ये आहे. सकाळच्या फोरसमसाठी पहाटे उठायचा कंटाळा करू नका.

आणि पट, म्हणजे ग्रीनवर चेंडू होलकडे ढकलायचा फटका, सोडून देण्याची प्रथा. होलपासून अगदी जवळ आलेला चेंडू प्रतिस्पर्धी ‘उचल’ म्हणू शकतो, तो पट गेला असं धरतात. किती अंतरावर सोडायचा याचा नियम नाही. १९६९ मध्ये रॉयल बर्कडेलला शेवटच्या मॅचच्या शेवटच्या ग्रीनवर जॅक निक्लॉसने टोनी जॅकलिनचा छोटा पट सोडून दिला आणि स्पर्धा १६-१६ अशी पहिल्यांदाच बरोबरीत संपली. याच्या उलट गोष्ट महिलांच्या सोलहाइम कपमधली. २०१५ मध्ये जर्मनीत अमेरिकेच्या ॲलिसन लीने पट सोडला असं समजून चेंडू उचलला, पण युरोपच्या सुझान पेटरसनने तो सोडलेला नव्हता. होल गेला, मग मॅचही गेली. अमेरिकन मुली पेटून उठल्या आणि १०-६ मागे असताना साडेचौदा-साडेतेरा जिंकल्या. म्हणून खेळाडू ग्रीनवर पोचले की फक्त चेंडू बघू नका, चौघांची आपापसातली नजरानजर बघा.

आता जागेबद्दल

पहिला टी, म्हणजे जिथून पहिला फटका मारतात ती जागा, एकदा बघाच. बाकी कुठल्याही खेळात मी असा आवाज ऐकलेला नाही. २०१८ ला पॅरिसजवळ पहिल्या टीभोवती साडेसहा हजारांहून जास्त माणसांचं स्टँड होतं. २०२३ ला रोमजवळ मार्को सिमोनेला थोडं लहान, पण उंच. तिथे बसायचं तर अंधारात रांगेत लागायचं आणि फाटक उघडल्यावर घाईने चालायचं. गाणी, घोषणा, टाळ्यांचा ताल सगळं चालतं, आणि खेळाडू चेंडूवर आला की एकदम शांतता. काही खेळाडूंना शांतता नकोच असते: २०१२ ला अमेरिकेत मेडिनाला बब्बा वॉटसनने प्रेक्षकांना फटक्याच्या वेळीच ओरडायला लावलं आणि त्याच स्पर्धेत इयन पोल्टरने युरोपच्या बाजूने तसंच केलं. पण हे खेळाडूने खुणावल्याशिवाय आपण करायचं नाही.

किंमत अशी की पहिल्या टीवर चारही मॅच निघेपर्यंत थांबलात तर पुढच्या सगळ्या होलवर तुमच्यापुढे चार थर उभे असतात. म्हणून शुक्रवारी पहिला टी केलात तर शनिवारी तिकडे फिरकू नका. सरळ पाचव्या-सहाव्या होलच्या ग्रीनकडे जा. दोरीला टेकून जागा मिळेल. चारही मॅच तुमच्यासमोरून जातील, दर पंधरा मिनिटांनी एक.

चारही गेल्या की खेळाडूंच्या मागे लागू नका. मागे लागणाऱ्याला फक्त टोप्या दिसतात. नकाशा बघून दोन-तीन होल सोडून पुढे जा आणि तिथे वाट बघा. कोर्स मध्ये वळून परत येतो तिथे आडवाटेने दोनशे पावलांत तुम्ही चार होल पुढे असता. अशा जागा सरावाच्या दिवशी, मंगळवार ते गुरुवारात, हेरून ठेवता येतात. त्या दिवसांची तिकिटं स्वस्त असतात, खेळाडू निवांत असतात, मुलांना सह्या मिळतात. रोमला त्या आठवड्यात नोव्हाक जोकोविच आणि गॅरेथ बेल प्रदर्शनी सामन्यात खेळले. सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींचा ज्युनिअर रायडर कपही त्याच आठवड्यात असतो. गोल्फ शिकणारं मूल घरात असेल तर त्याला तो नक्की दाखवा.

दुपारसाठी माझी आवडती जागा म्हणजे चौदा ते सोळा यांच्यामधली उंच टेकाडं. मॅचचे निकाल बरेचदा तिथेच लागतात. मार्को सिमोनेचा सोळावा हा पाण्याला लागून असलेला आखूड पार चार होता. धाडसी माणूस एका फटक्यात ग्रीनवर जाऊ शकतो. रविवारी टॉमी फ्लीटवूडने तिथेच चेंडू सरळ ग्रीनवर टाकला, रिकी फाऊलरचा पाण्यात गेला आणि कप युरोपचा झाला. नव्या कोर्सला गेलात की असाच होल शोधा: आखूड पार चार, पाणी, आणि भोवती उतार.

अठराव्याच्या स्टँडमध्ये सकाळपासून जागा धरून बसणारी मंडळी मला दरवेळी दिसतात आणि त्यांच्याबद्दल वाईट वाटतं. अर्ध्या मॅच तिथवर येतच नाहीत. रोमच्या शनिवारी सकाळी व्हिक्टर होवलँड आणि लुडविग ओबर्ग यांनी स्कॉटी शेफलर आणि ब्रूक्स केप्का या जोडीला ९ अँड ७ हरवलं. अकराव्यावर खेळ खलास. अठरा होलच्या मॅचमध्ये इतका मोठा विजय रायडर कपमध्ये पूर्वी झाला नव्हता. अठराव्यावर बसलेल्यांना त्यातलं काही दिसलं नाही. मात्र संध्याकाळी साडेचार-पाचला फलक बघा. दोन-तीन मॅच एकेका होलच्या फरकावर असतील तर पाय दुखत असले तरी अठराव्याकडे निघा. रोमच्या पहिल्या संध्याकाळी तीन फोरबॉल शेवटच्या ग्रीनवर बरोबरीत सुटल्या आणि तिन्ही वेळा अमेरिकेच्या हातातला अर्धा गुण युरोपने काढून घेतला. होवलँडने केलं, मग जॉन राहमने, मग जस्टिन रोझने. त्यानंतर कोणी घरी जायला तयार नव्हतं.

रविवारची गोष्ट वेगळी. बारा मॅच साधारण बारा मिनिटांच्या अंतराने सुटतात आणि कोर्स पहिल्यांदाच भरलेला वाटतो. मागे असलेला कॅप्टन आपले तगडे खेळाडू सुरुवातीला पाठवतो, म्हणजे फलक लवकर आपल्या रंगाचा होतो आणि मागून येणाऱ्यांना धीर येतो. २०१२ ला मेडिनाला १०-६ ने मागे असलेल्या युरोपच्या पहिल्या पाचही जणांनी आपापल्या मॅच जिंकल्या आणि शेवटी मार्टिन कायमरच्या पटने कप राखला गेला. त्या पाचातला रोरी मॅकिलरॉय वेळेच्या पट्ट्यांत फसून उशिरा निघाला होता; पोलिसांच्या गाडीतून तो टीवर जेमतेम पोचला. तुम्ही प्रवासात असाल तर फोनवरचं घड्याळ स्थानिक वेळेवर आलंय का ते तपासा. २०२५ ला न्यूयॉर्कजवळ बेथपेजला उलट झालं. युरोप साडेअकरा-साडेचार पुढे होतं, सगळ्यांना वाटलं संपलं, आणि रविवारी अमेरिकेने एकेक गुण खेचत नेला. शेन लाउरीने अठराव्यावर पट घातला तेव्हा कुठे कप नक्की युरोपकडे राहिला, अखेर १५-१३. म्हणून रविवारी पहिल्या दोन मॅचबरोबर अर्धा कोर्स पुढे जा, मग बाराव्या-तेराव्याच्या आसपास थांबून मागच्या मॅच येऊ द्या.

वागणं

बेथपेजला प्रेक्षकांतल्या काहींनी मॅकिलरॉयला ज्या शिव्या दिल्या त्याने मला खरंच दुःख झालं. पहिल्या टीवर माइक घेतलेल्या निवेदिकेनेही तशाच एका घोषणेत भाग घेतला आणि तिला काम सोडावं लागलं. आपल्या संघासाठी घसा बसेपर्यंत ओरडा. प्रतिस्पर्ध्याचा पट चुकला म्हणून टाळ्या वाजवू नका, आणि शेजारी लहान मूल असेल तर तोंड सांभाळा. तुमच्याजवळ कोणी घाण बोलत असेल तर मार्शलला, म्हणजे गर्दी सांभाळणाऱ्या माणसांना, सांगा, ते ऐकतात. मार्शलशी दोन शब्द चांगले बोललात तर पुढच्या होलला जायची जवळची वाटही तेच दाखवतात.

अडेर मॅनर, सप्टेंबर २०२७

पुढचा कप आयर्लंडमध्ये, लिमरिकजवळच्या अडेर मॅनरला, १७ ते १९ सप्टेंबर २०२७. पहिल्या स्पर्धेला तेव्हा शंभर वर्षं झालेली असतील. कोर्समधून मेग नदी वाहते. गाव लहान आहे, राहायची सोय तिथे मिळेल ही आशा धरू नका. लिमरिक शहर सोळा-सतरा किलोमीटरवर, शॅनन विमानतळ त्याच्या पलीकडे. डब्लिनहून रोज ये-जा करायचा विचार सोडा.

तिकिटं. रोमच्या वेळी आधी नाव नोंदवून सोडत काढली होती आणि खेळाच्या दिवसाचं तिकीट अडीचशे युरोंच्या आसपास होतं. बेथपेजला तेच ७५० डॉलर होतं, पण त्यात खाणंही होतं आणि दारू सोडून बाकी पेयंही. नोंदणी उघडली की घरातल्या प्रत्येकाने आपापल्या नावाने अर्ज करा. अनोळखी माणसाकडून समाजमाध्यमांवर तिकीट अजिबात घेऊ नका. तीन दिवसांत एकच परवडणार असेल तर कुठला घ्यावा? लोक रविवार म्हणतात. मी शुक्रवार म्हणेन. फोरसमही दिसतात, फोरबॉलही दिसतात आणि कप अजून दोघांचा असतो.

पाऊस येणार असं धरूनच जा. २००६ ला आयर्लंडमध्येच के क्लबवर चिखल तुडवत बघावं लागलं होतं. २०१० ला वेल्समध्ये तर इतका पडला की खेळ सोमवारी संपला, आणि अमेरिकन संघाचे रेनकोट गळायला लागले म्हणून त्यांनी प्रेक्षकांच्या दुकानातून नवे विकत घेतले. छत्री मागच्या माणसाच्या डोळ्यापुढे येते. त्यापेक्षा टोपीचा चांगला रेनकोट, पाणी न शिरणारे वापरून मऊ झालेले बूट आणि मोज्यांचा जास्तीचा जोड. दिवसाला पंधरा किलोमीटर चालणं सहज होतं. लहान दुर्बीण, फोनसाठी पॉवर बँक. दुपारी गर्दीत नेटवर्क रडतं, म्हणून नकाशा आणि मॅचच्या वेळा आदल्या रात्रीच फोनमध्ये उतरवून ठेवा. फोन सायलेंटवर. पिशवीच्या आकाराचे आणि बाहेरच्या खाण्याचे नियम दर वेळी बदलतात, ते निघण्याआधी वाचा. माझ्या खिशात शेंगदाण्याची चिक्की असतेच, कारण शाकाहारी माणसाला तिथल्या रांगेत शेवटी चिप्सच मिळतात.

घरी बसून बघणाऱ्यांसाठी

ठाण्याचा माझा भाचा बेथपेजच्या वेळी संध्याकाळी पावणेपाचला बसायचा आणि पहाटेपर्यंत जागायचा. अडेर त्याला सोपं जाईल. आयर्लंडचं घड्याळ सप्टेंबरमध्ये आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं. तिथे सकाळी साडेसातला पहिला चेंडू उडाला तर आपल्याकडे दुपारचे बारा, आणि रात्री साडेदहा-अकरापर्यंत सगळं आटोपतं. टीव्हीवर कॅमेरा मॅचमधून मॅचमध्ये उड्या मारतो, म्हणून एक कागद घेऊन चार ओळी आखा आणि प्रत्येक मॅचचा आकडा स्वतः लिहीत जा. लगेच सूत्र सापडतं.

भारतीय खेळाडू रायडर कपमध्ये दिसणार नाही, तो युरोप आणि अमेरिकेचाच आहे. आपला माणूस बघायचा तर प्रेसिडेंट्स कप: अमेरिकेविरुद्ध युरोप सोडून उरलेलं जग. २०१५ ला दक्षिण कोरियात इंचॉनला अनिर्बन लाहिरी तिथे खेळणारा पहिला भारतीय ठरला. रविवारी अठराव्यावर क्रिस कर्कने लांबचा पट घातला आणि लाहिरीचा छोटा चुकला. संघ साडेचौदा-साडेपंधरा हरला. तो क्षण बघवत नाही, पण मॅच प्ले, म्हणजे असा होल मोजून खेळायचा खेळ, माणसाच्या मनाला कुठे नेऊन ठेवतो हे समजायला तेवढी क्लिप पुरेशी आहे.

आयर्लंड शेंगेनमध्ये नाही. युरोप फिरायला काढलेला शेंगेन व्हिसा तिथे चालत नाही, वेगळा घ्यावा लागतो. तिकीट लागलं की त्याच आठवड्यात त्याच्या तयारीला लागा.